गेट क्रमांक एकतीस, एक संच

“वाच बरं बाबू हे,” म्हणत देवकाबाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर एकशे बारा नंबरची वस्तू ठेवली. एकशे बारा नंबर म्हणजे जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटांवर तारीख उठवायचं बिडाचं यंत्र. ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी मीच रंगवून घेतली होती. देवकाबाईंना वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्यांनी पाटीला भीक घातली नसती.

कागद दोन पानी होता. पावणेदोन पानं कायद्याची कलमं आणि मुद्दा शेवटच्या चार ओळींत. मी मुद्दा तेवढा वाचला.

“मावशी, गेटची खोली रिकामी करायला सांगितलीय. तीस दिवसांत.”

“कोन्ती खोली?”

“तुम्ही राहता ती.”

“मंग मी कुठं राहीन?”

“ते यात लिहिलेलं नाही.”

त्यांनी कागद उलटून पाहिला, मागं लिहिलं असेल म्हणून. मागची बाजू कोरी होती. मग त्या समोरच्या बाकावर बसल्या. तो बाकही संग्रहातलाच, सत्तेचाळीस नंबर. त्यांचं एकच म्हणणं होतं, की लग्न होऊन आले ते त्या खोलीत, आता म्हातारपणी दुसरीकडं मला झोप लागायची नाही. रडल्या वगैरे नाहीत. पण उठल्याही नाहीत, आणि त्या उठेपर्यंत मला दुसरं काही काम सुचेना.

ही दोन हजार तेराची गोष्ट. धारखेड ते लोणवाडी ही अडीच फुटी रुळांची लहान गाडी बंद होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. चालू होती तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बंद पडून गंज चढला तेव्हा तिचा वारसा झाला. कोणी एक मोठे साहेब परदेशात रेल्वेचं संग्रहालय पाहून आले आणि आपल्याकडेही एक हवंच, असं त्यांच्या मनानं घेतलं. धारखेडचं स्टेशन रिकामं पडलं होतं. आसपासच्या स्टेशनांना पत्रं गेली, की आपल्याकडील ऐतिहासिक वस्तू त्वरित पाठवाव्यात. झालं. ज्याच्या त्याच्या गोदामातली वर्षानुवर्षांची अडगळ ट्रकांत भरून आमच्या दारात येऊन पडली. अकरा घड्याळं आली, अकराही बंद. एका स्टेशन मास्तरानं गळका कूलर पाठवला आणि सोबतच्या पत्रात ‘इंग्रजकालीन’ असं लिहिलं. मी जंक्शनच्या पार्सल ऑफिसात बावीस वर्षं काढलेली. माझं तोंड वाईट, वरच्यांशी माझं कधी जमलं नाही. तेव्हा त्या ट्रकांच्या मागोमाग मलाही धारखेडला पाठवून दिलं. हुद्दा मात्र झकास मिळाला: संग्रहालय प्रभारी.

गेट क्रमांक एकतीस स्टेशनपासून दोनशे पावलांवर. आडवी लोखंडी फाटकं दोन, कडेला एका खोलीची चौकी. तिथला गेटमन तुळशीराम सोनोने लाइन बंद झाली त्याच वर्षी निवृत्त झाला आणि पुढं दोन वर्षांत वारला. त्याची बायको देवकाबाई तिथंच राहिली. तिला कुणी ‘राहा’ म्हटलं नव्हतं आणि ‘जा’ही म्हटलं नव्हतं. तुळशीरामला बावीस वर्षं विनाअपघात सेवेबद्दल मानपत्र मिळालं होतं, ते आमच्या दालनात मधोमध टांगलेलं होतं. शेजारी फोटो. साहेब हातात मानपत्र देतायत आणि तुळशीराम साहेबांना सोडून भलतीकडेच बघत हसतोय. फोटोवाल्याला धड फोटो काढता आला नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

“तुह्या सहीनं काई होत नाई का रे बाबू?” देवकाबाईंनी विचारलं.

“माझ्या सहीनं इथला खिळाही हलत नाही मावशी,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारण खिळा हलत नव्हता हे अगदी खरं होतं. एकदा वस्तू नोंदवहीत चढली की ती हलवायला तीन जणांची समिती बसावी लागते, आणि तीन साहेब एका दिवशी मोकळे सापडणं आमच्याकडे कठीण. शिवाय नियम होता की संच मोडता कामा नये. कंदील असेल तर काचेसकट, काटा असेल तर मापांसकट.

मी वही ओढली आणि दोनशे तेरा नंबरच्या खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘क्र. २१४. गेट क्र. ३१. लोखंडी फाटके दोन, झेंडे दोन, कंदील एक, फोन एक, चौकी एक, चौकीदारीणसह. एक संच. स्थिती: चालू.’

सही नाडकर्णी साहेबांची लागायची. ते जंक्शनला बसत आणि संग्रहालय हे त्यांच्या सतरा कामांतलं सतरावं काम होतं. मी चाळीस पानांची वही समोर धरली, ते फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी पानं उलटत सह्या ठोकल्या.

“साहेब, एकदा नजर टाकता का?”

“तुम्ही लिहिलंय ना हिरुळकर? मग झालं तर.”

त्याच संध्याकाळी मी नोटीस पाठवणाऱ्या जागांच्या विभागाला उत्तर धाडलं, की सदर महिला संग्रहातील वस्तू क्रमांक दोनशे चौदाचा भाग असल्यानं तिला हलवता येत नाही. माणसाचं म्हणणं असतं तर त्यांनी दहा शंका काढल्या असत्या. इथं नंबर होता, सही होती, शिक्का होता. त्यांनी फाइल बंद केली. मी देवकाबाईंना जाऊन सांगितलं, की खोली राहिली. कशी राहिली ते सांगितलं नाही. मी स्वतःवर भलताच खूश होतो आणि वर्षभर तसाच राहिलो.

वर्षानं तपासणी आली.

तपासणी म्हटलं की आमच्याकडे चुना आणि गेरू. कुठलाही साहेब कुठलंही काही तपासायला येवो, दगडांना चुना आणि कडेला गेरू लागलाच पाहिजे. चार दिवस मी तेच करून घेत होतो. रंगाऱ्यांच्या हातात उरलेला रंग होता, तो त्यांनी भक्तिभावानं घड्याळांच्या काचांवरही मारला. आता घड्याळं बंद आहेत हे तरी कुणाला दिसणार नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

तपासायला आले ते लांजेवार, भांडार तपासनीस. सडपातळ माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. लाच खात नाही आणि विनोद समजत नाही अशी त्यांची ख्याती होती, त्यामुळं सगळे त्यांना टरकून असत. समितीचे अध्यक्ष म्हणून नाडकर्णी साहेबांना सोबत यावं लागलं होतं आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत त्यांची बढतीची मुलाखत होती. जंक्शनहून साडेपाचची एक्स्प्रेस पकडायची, आणि जंक्शन बेचाळीस किलोमीटर, रस्ता सगळा खड्ड्यांचा.

“लांजेवार, दोनपर्यंत उरका म्हणजे झालं,” ते दर दहा मिनिटांनी म्हणत.

लांजेवार उरकणाऱ्यांतले नव्हते. तरी दुपारी दीडपर्यंत दोनशे बारा वस्तू झाल्या. दोनशे तेरावी, इंजिनात पाणी भरायची टाकी, गेटच्या पलीकडे होती. जीप गेटातून पलीकडे गेली. टाकीवर पेन्सिल वाजवून लांजेवारांनी ती मोजली. पुढं नाला, रस्ता संपलेला. जीप वळून परत गेटाशी आली तेव्हा त्यांनी वही पाहून ड्रायव्हरला थांबवलं.

“चौकीदारीणसह म्हणजे काय?”

मी चौकीकडे बोट दाखवलं.

“हिरुळकर, हा काय चावटपणा आहे?” नाडकर्णी साहेबांनी वही हिसकून घेतली. “बाईमाणूस वस्तूंच्या वहीत? कुणी सही केली यावर?”

“आपणच, साहेब.”

साहेबांनी सही निरखून पाहिली. ती त्यांचीच होती, अगदी झोकदार.

“सही आहे म्हणजे नोंद बरोबर आहे,” लांजेवार म्हणाले. “ते आता आपण बघायचं नाही. आपण स्थिती बघायची. ‘चालू’ लिहिलंय. चालवून दाखवा. चाललं नाही तर शेरा नादुरुस्त, आणि नादुरुस्त संच मोडीत निघतो.”

“मोडीत म्हणजे बाई जागा सोडणार?”

“संचातलं सगळंच जाणार, साहेब.”

नाडकर्णी साहेबांचा चेहरा खुलला. सहीची भानगड कागदोपत्री मिटायची सोय झाली होती. बारा वर्षं न हललेली फाटकं आणि सत्तरीला टेकलेली म्हातारी, चालतंय कशाला? ज्या शहाणपणानं मी म्हातारीचं छप्पर वाचवलं होतं, तेच शहाणपण आता तिला बाहेर काढणार होतं.

देवकाबाई चौकीच्या दारात शेळीला पाला घालत होत्या. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “मावशी, साहेबांना गेट लावून दाखवायचंय. खोली ठेवायची असेल तर गेट लागलं पाहिजे बघा.”

“गाडी येऊन रायली का?”

“समजा, येतेय.”

“समजा म्हंजे? येऊन रायली का नाई?”

पलीकडून साहेब घड्याळ दाखवत होते. “येतेय, येतेय,” मी म्हणालो. “लावा.”

देवकाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा लुगड्यावर तुळशीरामचा निळा कोट होता, डोक्यावर टोपी, काखेत दोन झेंडे. वयाच्या मानानं कमाल चपळाईनं त्यांनी पहिलं फाटक आणलं. ते कुरकुरलं, पण आलं. नंतर कळलं की दर दिवाळीला त्या बिजागऱ्यांना तेल देत होत्या. दुसरं फाटक लावलं, साखळी घातली, दोन्हीकडे कुलूप ठोकलं, किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि ठरल्या जागी उभं राहून हिरवा झेंडा धरून रुळांकडे बघू लागल्या. रूळ पुढं शंभर पावलांवर संपत होते, त्याच्यापुढं कुणाची तरी तूर होती.

जीप पलीकडेच होती.

लांजेवारांनी घड्याळ पाहिलं. “एक पन्नास. चालू,” म्हणत त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. मला हायसं वाटलं.

“ठीक आहे, ठीक आहे,” साहेब जीपमधून म्हणाले. “उघडा आता.”

देवकाबाई हलल्या नाहीत.

“हिरुळकर, सांगा त्यांना.”

“मावशी, झालं. उघडा.”

“गाडी कुठं गेली अजून?”

“गाडी नाहीये मावशी. ते दाखवण्यापुरतं होतं.”

“तूच म्हनला ना, येऊन रायली?” त्यांनी रुळांवरची नजर काढली नाही. “स्टेशनच्या मान्सानं सांगतलं गाडी येते, म्या गेट लावलं. आता गाडी गेल्याबिगर कसं उघडू? लावलेलं गेट कोन्या मोठ्या मान्सासाठी बी उघडत नसतात.”

साहेब जीपमधून उतरले, वाकून फाटकाखालून आले. “अहो बाई, गाडी बंद होऊन बारा वर्षं झाली.”

“मले नाई कोनी सांगतलं.”

आणि हे खरं होतं. लाइन बंद झाल्याचा हुकूम स्टेशनला गेला, तुळशीरामला गेला, पेपरात आला. देवकाबाईंना कळवायचं कुणाला कारण नव्हतं. साहेबांनी आधी समजावून पाहिलं, मग आवाज चढवला, मग पोलिसांचं नाव काढलं. देवकाबाई झेंडा धरून होत्या तिथंच उभ्या.

“कुलूप फोडा,” साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं.

“फाटक कुलपासकट मोजतात, तेव्हा कुलूपही संचात आहे,” लांजेवार म्हणाले. “आत्ताच तपासून खूण केलीय. फोडलंत तर मला तुमचा खुलासा मागावा लागेल.”

“अहो लांजेवार, तुम्ही कुणाच्या बाजूचे?”

लांजेवारांना प्रश्न कळला नाही. त्यांनी मला नियमांचं पुस्तक आणायला पाठवलं. ते सत्त्याण्णव नंबरची वस्तू म्हणून काचेच्या पेटीत होतं. मी दोनशे पावलं गेलो, पेटी उघडली, दोनशे पावलं आलो. लांजेवारांनी फाटकाला टेकून पानं उलटली, दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

“बाईंचं बरोबर आहे. लावलेलं गेट एक तर गाडी गेल्यावर उघडायचं, नाही तर गाडी येत नाही असं स्टेशन मास्तरनं फोनवर कळवून खासगी नंबर, म्हणजे तक्त्यातला खुणेचा आकडा, दिल्यावर. नंबर वहीत चढवायचा, मग उघडायचं.”

“मास्तर कुठाय इथं?”

“पद रद्द झालंय. हजर असलेल्यांत सगळ्यात वरचे आपणच.”

साडेतीन वाजायला आले होते. साहेबांनी रुमालानं मान पुसली. मी पुन्हा स्टेशनात गेलो आणि अठ्ठ्याऐंशी नंबरचा, खासगी नंबरांचा पिवळा पडलेला तक्ता काढून आणला. फोन चौकीतल्या भिंतीवर होता, पण त्याची तार कधीच चोरीला गेली होती. तरी नंबर फोनवरच घ्यायचा असतो यावर देवकाबाई ठाम. शेवटी त्या आत गेल्या, चकरी फिरवली आणि मुका फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. साहेब बाहेर खिडकीशी वाकले.

“गाडी येत नाही,” साहेब खिडकीतून म्हणाले. “नंबर सत्तावीस.”

“सत्तावीस,” देवकाबाईंनी फोनमध्ये म्हटलं आणि तो जागेवर ठेवला. “आता वहीत चढवा.”

गेटची वही त्यांनी पेटीतून काढून दिली. ती एवढी वर्षं त्यांच्याकडेच होती, आमच्या संग्रहातसुद्धा आली नव्हती. तारीख, वेळ, नंबर, ड्युटीवरील गेटमनचं नाव, सही. साहेबांनी भराभर लिहिलं. नावाच्या रकान्यात वरच्या ओळीत जे होतं ते खाली उतरवलं. आमच्या ऑफिसांत असंच लिहितात, वरचं बघून खाली.

“काय लिवलं?” देवकाबाईंनी मला विचारलं.

“तुळशीराम सोनोने.”

“थो तं मेला.”

“लिहायची पद्धत असते मावशी, त्यानं काही बिघडत नाही. द्या किल्ली.”

“मांगचे पानं पाह्य बरं बाबू. सगयीकडं तुळशीरामच हाये ना?”

मी पानं मागं उलटत गेलो. दिवसाला आठ नोंदी, महिनेच्या महिने, सगळीकडे तुळशीराम.

“अठ्ठ्याऐंशी साली त्याचे डोये गेले,” देवकाबाई म्हणाल्या. आवाज भाजी निवडताना बोलावं तसा सरळ. “पह्यले धूसर दिसे, मंग काईच नाई. सायबाले समजलं असतं तं घरी बसवलं असतं. म्हनून कोट मी घातला. चौदा वर्स म्या गेट लावलं अन् म्या उघडलं. डायवर लोकायले ठाऊक होतं, त्यायनं कोनाले सांगतलं नाई. तपासनीचे सायेब येत तवा थो दारात उभा राहे, रुळावरल्या ट्रालीचा आवाज येई तिकडं तोंड करून सलाम करे. एकडाव म्हशीले केला. वही मास्तर येऊन भरे, मले काई लिवता येत नोतं. आज मी उभी हाये, साहेब. आज तरी मेलेल्याचं नाव नका लिवू.”

मला तो मानपत्राचा फोटो आठवला आणि फोटोवाल्याला दिलेल्या शिव्या आठवल्या. पण लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. वर्षापूर्वी मी हुशारी करून या बाईला वहीत चढवलं होतं, झेंडे दोन, कंदील एक, चौकीदारीणसह. कंदिलाचा कारखाना कुठला तेसुद्धा मी शेरा म्हणून लिहिलं होतं. तिचं नाव लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

“म्हणजे चौदा वर्षं परकी बाई गेट चालवत होती?” साहेबांनी विचारलं. “आंधळ्याला मानपत्र दिलं आपण?”

“अपघात मात्र झाला नाही,” लांजेवार म्हणाले. “मानपत्रातला मजकूर बरोबर आहे.”

देवकाबाईंनी किल्ली हातात काढून ठेवली होती, पण मूठ मिटलेली होती. “देवकाबाई तुळशीराम सोनोने,” त्या म्हणाल्या. “लिवा.”

“साहेब, विचार करून लिहा,” लांजेवारांनी सावध केलं. “ड्युटीच्या रकान्यात नाव लिहून खाली सही केलीत की त्या आज ड्युटीवर होत्या, असं तुमच्या हातचं होईल.”

चार पंचवीस. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा जीपकडे. मग जन्मभर जे केलं तेच केलं. तुळशीरामवर काट मारली, देवकाबाई लिहिलं आणि झोकदार सही ठोकली. साडेचारला गेट उघडलं. जीप गेली तेव्हा देवकाबाईंनी नियमाप्रमाणे हिरवा झेंडा दाखवला.

एक्स्प्रेस त्यांना मिळाली नाही. पुलावरून शेवटचा डबा जाताना दिसला म्हणे. मुलाखत हुकली, बढती दुसऱ्याच्या घशात गेली.

दीड महिन्यानं धारखेडला रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. वर नाव देवकाबाईंचं. त्या पुन्हा माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. या खेपेस त्यांनी हात जोडलेले होते.

“खोली गेली का बाबू?”

मी पाकीट फोडलं. आत चार्जशीट होती. नाडकर्णी साहेबांनी राग काढला होता, आणि राग काढायची आमच्याकडे तेवढी एकच रीत आहे. मी वाचून दाखवली. ‘श्रीमती देवकाबाई तुळशीराम सोनोने, गेटमन, गेट क्र. ३१, आपण अमुक तारखेस ड्युटीवर असताना, कोणतीही गाडी येणार नसताना, दोन तास चाळीस मिनिटे गेट बंद ठेवून अधिकाऱ्यांच्या वाहनाचा खोळंबा केला. आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.’

मी लांजेवारांना फोन लावला. त्यांनाही सगळी वाचून दाखवली.

“मी नको म्हणत होतो त्यांना,” लांजेवार म्हणाले. “चार्जशीट फक्त कर्मचाऱ्याला देता येते. दिली म्हणजे त्या कर्मचारी झाल्या. आणि चौकशी संपेपर्यंत कर्मचाऱ्याला राहत्या जागेतून काढता येत नाही. तुम्ही खुलासा पाठवा. चौकशी अधिकारी नेमायला चार वर्षं जातील, साक्षीदार जमायला सहा.”

मी फोन ठेवला आणि देवकाबाईंना सांगितलं की आता खोलीतून त्यांना कुणी हलवत नाही. त्यांनी मान हलवली. मग खुलासा लिहायला मी कागद घेतला. त्यांनी एकच ओळ सांगितली, “गाडी येनार नाई असं मले कोनी कळवलं नाई,” आणि अंगठा उठवला. एवढं झाल्यावर माणूस उठून जाईल. त्या बसून राहिल्या.

“पह्यली ओळ वाच परत.”

मी वाचली.

“नावाच्या मोरं काय हाये?”

“गेटमन.”

“अन् मी कामावर होती असं लिवलं?”

“हो. ड्युटीवर असताना, असं स्पष्ट लिहिलंय.”

“कवापासून?”

मी पुन्हा कागद पाहिला. “त्या एका दिवसापुरतंच लिहिलंय, मावशी.”

देवकाबाईंनी चार्जशीटची नीट चौघडी घातली आणि पोलक्यात ठेवली. उठता उठता गुडघ्यावर हात टेकून त्या थोडा वेळ तशाच थांबल्या, डोक्यात काहीतरी जुळवत असल्यासारख्या.

“एका गुन्ह्यात एक दिवस भेटला,” त्या म्हणाल्या. “चौदा वर्साचे किती गुन्हे होतात रे बाबू?”

मी काहीतरी हसण्यावारी नेलं आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शाळांच्या सहलींची पहिली बस पाण्याची टाकी बघायला गेटापलीकडे गेली. साडेदहाला शाळेचे मास्तर धापा टाकत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, गेटाला दोन्हीकडून कुलूप आहे, आणि निळा कोट घातलेली एक बाई सांगतेय की खासगी नंबर आणा, वहीत माझं नाव लिहा, सही करा, मग उघडते.